चुन्यातली भिंत

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या सुमारास धुळ्यातल्या एका कॉलेजात मी गवंडीकाम शिकत होते. वर्गात मुलगी मी एकटीच, म्हणून सर थापी मुलांना देत आणि मला वाळू चाळायला बसवत. मग मी मधल्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, शेडमागे गुडघ्याएवढी भिंत बांधली. सरावाची भिंत चुन्यातच असायची, म्हणजे मोडून विटा परत वापरता येत. त्याच दुपारी तपासणीला साहेब आले. सरांनी माझ्या भिंतीशेजारी एका मुलाला उभं केलं. "याचं काम, साहेब." साहेबांनी त्याची पाठ थोपटली. भिंत माझी आहे म्हणून मी अहिराणीतच ओरडले, "सर, हाई भीत मनी शे!" सर हसले, "ती वाळू चाळते, साहेब." मी फावडं उचललं आणि भिंत पाडली. "आता त्याला परत बांधायला सांगा!" मुलगा खाली बघत राहिला. साहेब घड्याळ बघून जीपकडे निघाले. मला मात्र परीक्षेपर्यंत शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. आता माझ्या हाताखालचे गवंडी म्हणतात, "अक्का, इतकी घरं बांधली तुम्ही, विसरा ते." मी का म्हणून विसरू?