पलीकडे हात ठेवणारं माणूस: इंदूरचे दहा दिवस

इंदूरहून फोन आला तेव्हा माझ्या एका हातात टाकी होती, दुसऱ्यात हातोडी आणि समोर शेजारच्या गावचा पाटा. फोनवर अनघा होती, मूळची नागपूरची, आता इंदूरच्या एका संस्थेत नोकरीला. "मॅडम, दहा दिवस दगडी बांधकाम शिकवायला याल का? सात जण आहेत, सगळे फरशी लावणारे कारागीर. भिंत बांधायला शिकवायची आणि त्यातून स्वतःचा छोटा धंदा कसा उभा करायचा तेही." पुढे तिने खरी गोष्ट सांगितली. दहाव्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी भिंत बघायला येणार. भिंत पसंत पडली तर वर्षभराचा वर्ग सुरू होणार आणि तो मीच घ्यायचा. मी हो म्हणायला दोन सेकंद घेतले, तेही तोंडातला दगडाचा कच थुंकण्यासाठी.

हा ब्लॉग नियमित वाचणाऱ्या सतरा जणांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. माझे वडील पाथरवट. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही भाऊ दगडाला हात लावत नाहीत, मी लग्न केलं नाही. कोरेगावजवळच्या आमच्या गावात मी पाटे, वरवंटे, जाती, तुळशीवृंदावनं घडवते. एकटीने होतील तीच कामं घेते. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" हे मला आजवर शंभर जणांनी ऐकवलं आहे, पण त्यातल्या एकानेही टाकी हातात घेतलेली नाही. वर्षभर रोज सात माणसं आपल्याशी दगडाबद्दल बोलतील, एवढ्या एका आशेवर मी बॅग भरली.

पुण्याहून इंदूरला रेल्वे आहे, खाजगी स्लीपर बसही आहेत. सामान जड असेल तर रेल्वेच बरी. माझ्या पिशवीत अकरा टाक्या, दोन हातोड्या आणि ओळंबा होता. स्टेशनवरच्या तपासणीत शिपायाने पिशवी उघडायला लावली आणि विचारलं, "ताई, हे काय?" मी म्हटलं, "शाळेचं दप्तर." तो हसला नाही, पण सोडलं.

सकाळी इंदूरला उतरले. स्टेशनजवळ स्नेहलतागंजमध्ये लॉज घेतलं होतं. साधी खोली, गरम पाणी सातपर्यंत, भाडं रोजचं नऊशे. बाई असून एकट्या जाणार असाल तर आधी फोन करून जा. काउंटरवरच्या काकांनी मला "साथ में कौन है?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी पिशवी टेबलावर ठेवली. आतलं लोखंड वाजलं आणि त्यांनी किल्ली दिली.

पोह्यांबद्दल सगळे लिहितात, मी दोनच ओळी लिहिते. वाफेवर ठेवलेले, वर शेव, जिरावण मसाला, सोबत जिलबी. पहिल्या दिवशी मला ते गोडमिट्ट वाटले, चौथ्या दिवसापासून त्यांच्याशिवाय चालेना. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात मात्र मी गेले नाही. तिथे सगळे घोळक्याने खातात, एका ताटलीत चार हात. एकटीने चाट खाणं मला जमत नाही.

वर्गाची जागा देपालपूर रस्त्यावर, शहर संपतं तिथल्या एका प्लॉटवर. लॉजपासून शेअरची मॅजिक गाडी आणि मग ई-रिक्षा, मिळून तासभर. दगड बघून जिवात जीव आला. आमच्याकडचाच काळा दगड. मात्र माणसं वेगळी होती. सातही जण फरशीचे आणि भिंतीवर शोभेचे दगड चिकटवण्याचे उस्ताद. त्यांच्यात एक मराठी, दिनकरराव, पन्नाशी ओलांडलेले. त्यांचे आजोबा खानदेशातून इथल्या मिलमध्ये कामाला आले होते. बाकीच्यांचा म्होरक्या पप्पू भिया, म्हणजे इथल्या बोलीत पप्पू भाऊ, हाताला भलताच वेगवान आणि जिभेलाही.

पहिल्याच दिवशी मी त्यांना आरपार दगड दाखवला. दगडी भिंतीला दोन तोंडं असतात, आतली आणि बाहेरची. दोन्ही नुसती शेजारी उभी राहिली तर एक दिवस पोट फुगून फुटतात. म्हणून मधूनमधून भिंतीच्या जाडीएवढा लांब दगड घालायचा, एक टोक इकडे, दुसरं तिकडे. तो एकट्याने बसत नाही. एकाने इकडून द्यायचा, दुसऱ्याने तिकडून घ्यायचा, कारण इकडच्याला तिकडचं तोंड दिसतच नाही. बसला की दोन्ही टोकांना गेरूचा ठिपका.

मग वडिलांची परीक्षा: दगड अखंड असेल तरच ठोका पलीकडे पोचतो. मी सात वर्षांची असल्यापासून भिंतीच्या पलीकडे उभी राहायचे, टोकावर तळहात ठेवून. वडील त्यांच्या बाजूने हातोडीचा एकच ठोका मारायचे आणि ओरडायचे, "कळलं का?" हाताला ठोका कळला की मी "कळलं" ओरडायचे. वडिलांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं असंच झालं आहे, मधे भिंत ठेवून.

चौथ्या दिवशी धंद्याचा तास होता. दिनकररावांनी अडचणीचा प्रश्न काढला. "ताई, आम्ही तर समोरचं तोंड मोजून रेट लावतो, स्क्वेअर फूट. तुमचा हा लांब दगड पोटात बसून जाईल. जे दिसणारच नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक कशाला देईल?"

"म्हणून तर गेरू," मी म्हटलं. "गिऱ्हाईकाला दोन्ही बाजूंनी फिरवायचं. ठिपके मोजायला लावायचे. इकडे सहा तर तिकडे सहा. ज्याच्या भिंतीत ठिपके नाहीत तो स्वस्त का, हे त्याचं त्याला समजतं."

पप्पू भियाने मान डोलावली. "मतलब माल वही, दिखाना भी पड़ेगा." मला वाटलं, किती लवकर समजलं याला!

रविवारी सुट्टी होती. राजवाड्याला गेले. खालचे तीन मजले दगडी आहेत, लोक वरचं लाकूडकाम बघतात. एका कोपऱ्यातला सांधा इतका सुरेख बसलेला होता की मी चक्क आजूबाजूला बघितलं, कोणाला दाखवू म्हणून. एक जोडपं फोटो काढत होतं. मी म्हटलं, "हा सांधा बघा." त्या मुलीला वाटलं मी बाजूला व्हायला सांगते आहे. "सॉरी आंटी," म्हणून दोघं सरकली. मग मी सांध्याचा फोटो काढला आणि तो पाठवायला फोनमध्ये नाव शोधत बसले. भावांना पाठवला असता तर अंगठा आला असता. नाही पाठवला. त्या दुपारी मला फार एकटं वाटलं. ते मी इथे लिहिते आहे, कारण एकट्याने प्रवास करा, स्वतःला शोधा, असं सांगणारे खूप आहेत. मला त्या दिवशी मी सोडून दुसरं कोणीतरी सापडायला हवं होतं.

सोमवारी सकाळी भिंत कमरेच्या वर गेलेली नव्हती. गुरुवारी सेक्रेटरी येणार. मी त्यांच्यावर खेकसले, "असं चालायचं तर पावसाळ्यापर्यंत पुरी होईल. उद्यापर्यंत छातीपर्यंत दिसली पाहिजे मला." आणि दुपारी संस्थेच्या पलासियातल्या ऑफिसात मीटिंगला निघून गेले. तिथल्या ट्रॅफिकबद्दल काय सांगू, परतायला संध्याकाळ झाली, साइट बंद.

मंगळवारी येऊन बघते तर भिंत छातीपर्यंत. ओळंबा लावला, एक सूतही फरक नाही. तोंडं अशी सफाईदार की हात फिरवत राहावं. गेरूचे नवे ठिपके इकडे सहा, तिकडे सहा. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या.

कचोऱ्या येईपर्यंत मी दिनकररावांना म्हटलं, "जरा पलीकडे उभे राहा." त्यांनी तळहात ठेवला. मी ठोका मारला. "कळलं का?"

 मी पुन्हा मारला. "दिनकरराव, कळलं का?"

"नाही ताई."

दुसरा ठिपका, नाही. तिसरा, नाही. सहाही ठिपके बघितले, एकाचाही ठोका पलीकडे पोचला नाही. मी फिरून त्यांच्या बाजूला गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मी मना केलं होतं," ते म्हणाले. "पण मीपण कापले. लांब दगड उचलायला दोन माणसांचं काम थांबून जातं. सगळे बोलले, आपापली साइड करू, जल्दी होते. दगड मधून तोडले, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. लुकपण छान आला."

फरशीवाल्याच्या हाताला दगड म्हणजे फक्त समोरचं तोंड. आणि ठिपका तर दिखावा, तो मीच शिकवलेला. त्यांच्यावर काय ओरडणार! उंची मीच मागितली होती.

"उतरवायची," मी म्हटलं. "कमरेपर्यंत."

पप्पू भिया कचोरी हातात घेऊन उभा. "मैडम, परसों साहब आ रहे हैं. गेरू तो दोनों तरफ़ लगा है. कौन पूछेगा?"

खरं होतं. सेक्रेटरींनी ठोका मारून बघितला नसता. मी गप्प बसले असते तर वर्षभराचा वर्ग माझा होता. मी सहाही ठिपके पुन्हा एकदा मोजले. मग हातोडी घेऊन वरचा पहिला दगड सैल केला.

पप्पू म्हणाला, "दीदी, दो दिन में खड़ी नहीं होगी, अपन को काम पे भी जाना है." रागावून नाही, समजावून म्हणाला. ते सहा जण कचोऱ्या खाऊन, हात धुऊन गेले. दिनकरराव गेले नाहीत. त्यांनी माझ्याबरोबर दगड उतरवले आणि दुपारी एकदाच बोलले, "तुम्ही जेवून तर घ्या ताई. भिंत कुठे जाते आहे?"

बुधवारी आम्ही दोघांनीच बांधलं. नवे लांब दगड घडवायला अर्धा दिवस गेला. मी इकडे, ते तिकडे. "घेतला?" "घेतला." "डावीकडे." "बस, बस." संध्याकाळपर्यंत कमरेवर फक्त एक थर चढला, त्यात दोन आरपार दगड. शेवटचा बसल्यावर ते म्हणाले, "ताई, आता मी मारतो, तुम्ही हात ठेवा." मी पलीकडे गेले आणि हात ठेवला. ठोका तळव्यातून कोपरापर्यंत आला. सहा वर्षांनी. मला "कळलं" म्हणायचं होतं, पण मी हात तसाच दगडावर दाबून उभी राहिले. तिकडून ते दोनदा ओरडले, "काय झालं? नाही कळलं का?"

गुरुवारी सेक्रेटरी आले, सोबत अनघा. "बस, इतनी-सी?" ते म्हणाले. मी त्यांनाही हात ठेवायला लावला. ठोका लागल्यावर त्यांनी हात झटकला आणि लहान मुलासारखे हसले. घड्याळ बघून म्हणाले, "अच्छा है, बहुत अच्छा है. देखते हैं." अनघाने मला स्टेशनवर सोडलं, वाटेत रतलामी शेवेचा पुडा हातात कोंबला. काय होणार ते तिला माहीत होतं बहुतेक.

दोन आठवड्यांनी ईमेल आला. वर्षभराचा वर्ग मंजूर, पण शोभेचे दगड चिकटवण्याचा. शिकवायला पप्पू भिया. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस टाकी हातात घेतली नाही. पण तो मुलगा चांगलं शिकवेल.

तीन महिन्यांनी दिनकररावांकडून फोटो आला. इंदूरजवळ गौतमपुऱ्याला एका शेताची कुंपणभिंत, छातीएवढी, त्यांनी स्वतः घेतलेलं पहिलं काम. एकाच भिंतीचे दोन फोटो, एक इकडून, एक तिकडून. ठिपके नऊ आणि नऊ. मग फोनच आला.

"ताई, मालकाला फिरवून फिरवून मोजायला लावले. आणि सूनबाई आहे ना आमची, ती पलीकडे उभी राहते. आता तर मला रागवते, म्हणते, बाबा, धीरे मारा, हाताला लागते." हसले आणि सहज विचारलं, "तुमच्याकडे पलीकडे कोण असते?"

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

आमच्या अंगणाला एक अर्धी भिंत आहे. वडिलांनी आणि मी सुरू केलेली, गुडघ्यापर्यंत आलेली. पुढच्या थराचा लांब दगड त्यांनी घडवून ठेवला होता. सहा वर्षं तो गवतात पडून आहे. इंदूरहून आल्यावर मी त्याच्या भोवतीचं गवत काढलं, दोन्ही टोकं धुतली. उचलून बघितला. एका बाजूने उचलता येतो, पण बसवता येत नाही.

तर इंदूरला जाणार असाल तर राजवाड्याचा तो कोपरा नक्की बघा. आणि कधी कोरेगावच्या बाजूला आलात तर सकाळच्या वेळी आमच्याकडे या. दगडाचं काही येत नसलं तरी चालेल. अर्ध्या तासाचं काम आहे. पलीकडे उभं राहायचं, टोकावर हात ठेवायचा आणि मी विचारलं की कळलं का, तेवढं सांगायचं.