बाबांचं भाषण आणि आमचा भाग चार

वडिलांच्या निरोप समारंभासाठी कंपनीनं तीस मिनिटं दिली होती, त्यातली तेवीस मी खाल्ली.

सत्तरच्या दशकातली, पिंपरीतली ही गोष्ट. बाबा एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअरकीपर होते आणि मी तिथंच लेथवर टर्नर. अर्थात ते पोटापुरतं! मनातून मी प्रोग्रेसिव्ह रॉकचा गिटारवादक होतो. (हा प्रकार ठाऊक नसेल तर सांगतो: यात एक गाणं अर्धा तास चालतं आणि त्यात गाणं सोडून बाकी सगळं असतं.) हे खूळ आम्हाला लावलं कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं. जाताना तो दोन रेकॉर्डी आमच्याकडे ठेवून गेला आणि आम्ही तिघं कायमचे कामातून गेलो.

तिघं म्हणजे मी, ड्रॉइंग ऑफिसातला कुलकर्णी आणि जवळच्या पुनावळे गावचा दत्ता. दत्ता फाउंड्रीत होता, आमच्यात ड्रम वाजवायचा. कुलकर्णी ऑर्गन वाजवायचा आणि रचनाही त्याच्याच. रचना तो लिहीत नसे, काढत असे. टी-स्क्वेअर घेऊन, मशीनच्या ड्रॉइंगसारखी, स्केलमध्ये! खाली सही, आणि अमोनियाचा वास मारणारी एकेक निळी प्रिंट प्रत्येकाला. आमच्या सगळ्यात मोठ्या रचनेचे चार भाग होते आणि दर दोन भागांमध्ये बाण काढून लिहिलेलं होतं, 'शांतता, ४० सेकंद'.

तालीम रविवारी, दत्ताच्या गोठ्यात. तिसऱ्याच रविवारी त्याची आई म्हणाली, "आरं, म्हस पान्हा चोराया लागलीया. तुमी वाजवा खुशाल, पन तिला आदी भाईर बांदा!" रेकॉर्ड कंपन्यांनी तर आम्हाला कधी विचारलंच नाही. तीन वर्षांत आमचं संगीत शेवटपर्यंत ऐकलेला माणूस जगात नव्हता.

बाबांच्या निवृत्तीच्या आठवड्यात वेल्फेअर ऑफिसर माझ्या मशीनपाशी आले.

"सबनीस, तुमचा बँड आहे म्हणे! वडिलांच्या कार्यक्रमात पाच मिनिटं वाजवा. मग त्यांचं भाषण, मग चहा."

"हो साहेब!"

पाच मिनिटांत आमच्या तारासुद्धा जुळत नाहीत, हे मी बोललो नाही. दोनशे माणसं, बाकांवर बसलेली, बस सुटेपर्यंत कुठेही जाऊ न शकणारी! मला मोह आवरला नाही. आणि घरी महिनाभर बाबा आरशासमोर भाषण पुटपुटत होते, हे मी रोज बघत होतो. बावीस वर्षं त्यांनी खिडकीतून नटबोल्ट दिले, चारचौघांत कधी तोंड उघडलं नाही. या एका भाषणासाठी त्यांनी नवा चष्मा करून घेतला होता. हे सगळं माहीत असून मी 'हो' म्हणालो, याची लाज मला अजून वाटते.

पहिली शिफ्ट तीनला सुटली. बसेस साडेतीनला निघायच्या. कॅन्टीन भरलं. आई पहिल्या रांगेत, ठेवणीतलं पातळ नेसून. हार झाला, शाल-नारळ झालं आणि तीन वाजून सात मिनिटांनी आम्ही सुरू केलं. भाग एक सात मात्रांचा. लोकांनी सवयीनं टाळ्यांचा ठेका धरला. थोड्याच वेळात निम्मे लोक पुढे गेले, निम्मे मागे राहिले आणि मग सगळ्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले. भाग संपला. शांतता, चाळीस सेकंद.

सुटलो एकदाचे, अशा टाळ्या पडल्या. बाबा उठले. चष्मा लावला, खिशातून कागद काढला, घसा खाकरला.

"माननीय साहेब आणि माझ्या सहकारी—"

धाडकन! दत्तानं भाग दोन सुरू केला. बाबा खाली बसले.

पुढच्या शांततेला बाबांनी हळूच ऑफिसरांना विचारलं, "झालं का हो?"

"झालंच असणार! वाजवून वाजवून किती वाजवतील?"

बाबा पुन्हा उठले, या वेळी घाईघाईनं. "माननीय साहेब आणि माझ्या सहकारी मित्रांनो, आज—"

धाडकन! (दोन शब्दांची प्रगती.) कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. बाबाही हसले आणि कागदाची घडी करून बसले.

तिसऱ्या शांततेला ते उठेचनात. ऑफिसरांनीच त्यांना दंडाला धरून उभं केलं. आई माझ्याकडे बघून डोळे वटारत होती. दत्ता मागून कुजबुजला, "आरं, तुजा बा हुबा हाय! बास की राव आता, बरं न्हाई दिसत!"

मी कुलकर्णीकडे बघितलं. त्यानं शांतपणे प्रिंटवर बोट ठेवलं. "भाग चार राहिलाय. अर्धवट असेंब्ली मी बाहेर पाठवत नाही."

आता खरं काय ते सांगून टाकतो. थांबवणं माझ्या हातात होतं. पण भाग चारमध्ये सहा मिनिटं नुसती गिटार होती, आणि गिटार माझी! मी बाबांकडे बघायचं टाळलं, डोळे मिटले आणि तार छेडली.

मी जे काही वाजवलं ते थोर होतं, अशी निदान माझी खात्री होती. डोळे उघडले तेव्हा कॅन्टीनमध्ये आम्हा तिघांखेरीज आई, बाबा, ऑफिसर आणि न वापरलेल्या कपबश्या गोळा करणारा एक माणूस एवढेच उरले होते. बाहेर शेवटची बस फाटकातून वळत होती.

बाबा गळ्यात हार घालून उभेच होते. कागद खिशात ठेवत म्हणाले, "छान वाजवलंस."

त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आईनं माझ्यापुढे ताट आदळलं. "महिनाभर! दाढी करताना तेच, अंघोळीला तेच! आणि तुला सहा मिनिटं कमी वाजवता आलं नाही?" मी ताट बाजूला सारलं. शेवटी उठून बाबांपुढे उभा राहिलो.

"बाबा, तो कागद द्या. उद्या जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांपुढे वाचून दाखवतो."

"राहू दे रे. झालं ते झालं."

"नाही, मी वाचणार!"

"बरं, वाच. पण शेवटचा परिच्छेद सोडून दे. तो मी याच आठवड्यात घातलाय."

"एक शब्द सोडणार नाही!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. पश्चात्तापाचा झटका आला की मला काही ऐकू येत नाही. कागद आधी एकदा नजरेखालून घालावा, हेही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या टेबलावर चढलो. "काल माझ्यामुळे राहिलेलं बाबांचं भाषण वाचतो."

"किती भाग हायेत, भावा?" मागून आवाज आला. हशा पिकला.

भाषण छान होतं. साहेबांचे आभार, स्टोअर्समधल्या माणसांचे आभार, एकदा एका हेल्परवर उगाच चोरीचा आळ घेतला होता त्याची माफी. लोक डबे खायचे थांबले. आणि त्याच दमात मी शेवटचा परिच्छेद खणखणीत आवाजात वाचून गेलो:

"शेवटी एक विनंती. माझा मुलगा अरविंद तुमच्यातच आहे. त्याचं लक्ष मशीनवर कमी असतं, त्याला सांभाळून घ्या. आत्ता त्यानं जे वाजवलं ते मला कळत नाही, तुम्हालाही कळलं नसेल. पण तीन वर्षांत त्याचं कोणी ऐकलेलं नाही, आणि ते मला बघवत नाही. तेव्हा जाताना त्याला 'छान वाजवलंस' एवढं म्हणून जा. माझ्यासाठी."

काल अख्ख्या कॅन्टीनमध्ये ते एकट्या बाबांनीच म्हटलं होतं. कागदात तोंड खुपसून मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात हात धुवायला निघालेला एक जण टेबलापाशी थांबला, माझ्या पायावर थाप मारून म्हणाला, "छान वाजवलंस!" मग दुसरा आला, तिसरा आला, बघता बघता रांग लागली. काल कानात बोटं घालून बसलेले, मधेच उठून बस गाठलेले, सगळे ओळीनं म्हणत गेले, "छान वाजवलंस हो, छान वाजवलंस!"

बाबांचं दोनशे माणसांनी ऐकलं. त्यांचं न ऐकणारा कंपनीत एकच होता, आणि तो टेबलावर उभा होता!