पीरमहंमद चंद्र उजळवतो

वडूजच्या स्टँडसमोर पीरमहंमद पेंटरचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्या दुकानात शिरलेला माणूस फ्लेक्सवर दहा वर्षांनी लहान होऊनच चढतो. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, गालावरचे फोड काढायचे, रंग उजळवायचा, टकलावर थोडी मेहेरबानी करायची आणि खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' टाकायच्या. हे सगळं तो न सांगता करतो. एकदा नाथाजी सरपंचाच्या फ्लेक्ससमोर उभं राहून त्याच्या बायकोनंच 'ह्यो कोन?' म्हणून विचारलं होतं. सरपंच मात्र बेहद्द खूश होता.

अशा माणसाच्या हाती नीलिमा मॅडमनी अख्खी सूर्यमाला दिली.

मॅडम हायस्कूलला विज्ञान शिकवतात. तालुक्यातल्या पोरांना दाखवायला मोठी दुर्बीण कुठून आणणार? म्हणून अंतराळयानांनी काढलेले फोटो भिंतीएवढे छापून शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरवायचं, असं त्यांनी ठरवलं. शाळेच्या कमिटीचं म्हणणं होतं, काम साताऱ्याला द्या, गावात काहीतरी घोळ होईल. मॅडम हटून बसल्या. आपल्या गावात माणूस असताना साताऱ्याला कशाला जायचं, आणि चूक झालीच तर भर कार्यक्रमात मी माफी मागेन, असं त्या सगळ्यांदेखत बोलून गेल्या. ही बातमी पीरमहंमदच्या कानावर आली. आजवर त्याच्याशी भांडणारे पुष्कळ झाले होते, त्याच्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. या बाईंची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं आणि जीव ओतून काम केलं. तिथंच सगळं बिघडलं.

तशी त्यानं आधी एक चूक केलीच होती. बुधाला गुरूएवढा मोठा केला होता. फ्लेक्सवर एकाचा फोटो लहान, दुसऱ्याचा मोठा झाला की दुकानावर माणसं चालून येतात, हा त्याचा अनुभव. ग्रह रुसत नाहीत, हे मॅडमनी त्याला समजावून सांगितलं आणि बुध वेळीच लहान झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला फ्लेक्स हॉलमध्ये आले. उद्घाटन अकराला होतं. मॅडमनी चंद्राची गुंडाळी उलगडली आणि बघतच राहिल्या. चंद्र नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा गुळगुळीत होता.

"चाचा, चंद्रावरचे खड्डे कुठं गेले?"

"काढलं की. लय बेकार दिसत हुतं," पीरमहंमद कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "दोन दिस घातलं बगा त्यात."

मॅडमनी घाईघाईनं गुरू उघडला. त्याच्यावरचा लाल डाग गायब. त्यो फोड हुता न्हवं, असं पीरमहंमदनं विचारलं. ते वादळ आहे आणि अख्खी पृथ्वी त्यात मावते, असं सांगून मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. मंगळ उघडायची त्यांची हिंमत होईना. तो गोरापान झाला होता.

आता पीरमहंमदच्या पायाखालची जमीन सरकली. पुन्हा छापावं तर दुरुस्तीसाठी लाइट दुपारपर्यंत बंद. तो तडक घरी गेला आणि माळ्यावरचा रंगांचा डबा काढायला लागला. फ्लेक्स यायच्या आधी वीस वर्षं त्यानं ब्रशनं पाट्या रंगवल्या होत्या. नूरजहांनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काय झालं ते ऐकून घेतलं. रंग उजळून दिला म्हणून कुणी तक्रार केल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

हॉलमध्ये परतल्यावर मंगळाचं काम सोपं निघालं. मंगळ गंजामुळं लाल दिसतो, असं मॅडम म्हणाल्या, आणि लोखंडी गेटाला लावायचा लाल रेडऑक्साइड डब्यात होताच. गुरूचं वादळही दहा मिनिटांत परत आलं. चंद्रानं मात्र घाम काढला. मॅडम हातात पुस्तक धरून जागा दाखवत होत्या, हा टायको, हा कोपर्निकस, हा केप्लर. पीरमहंमद शिडीवरून खड्डे पाडत होता. ही मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं आहेत, हे कळल्यावर त्याचा ब्रश थांबला.

"खड्ड्याला मान्साचं नाव? आपल्याकडं रस्त्याला नाव देत्यात आन् खड्डं तसंच बिननावाचं ऱ्हात्यात."

मॅडमना त्या सकाळचं पहिलं हसू फुटलं. शिडी हलली आणि करड्या रंगाचा एक टपोरा थेंब केप्लरच्या शेजारी पडला. पुसायला जावं तोवर पाहुणे दारात आले होते.

पाहुणे म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले मानसिंग सुभेदार. त्यांनी परेडची पाहणी करावी तसं एकेक चित्र तपासलं. मागं दीडशे पोरं आणि कमिटी. चंद्रापाशी ते थांबले आणि काठीनं एकेका खड्ड्याचं नाव विचारू लागले. काठी थेंबावर आली तशी पीरमहंमदच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी काहीही नाव ठोकून दिलं असतं तरी तिथं कुणाला कळणार नव्हतं. पण दीडशे पोरं वह्या उघडून उभी होती.

"हा चंद्रावर नाही," मॅडम म्हणाल्या. "फ्लेक्सवरचे खड्डे आमच्याकडून पुसले गेले, त्याबद्दल माफी मागते. चाचांनी आत्ता ते सगळे हातानं परत काढले. त्यात हा एक जास्तीचा पडला."

कमिटीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुभेदार चष्मा लावून पुढं वाकले, टायकोच्या कडा निरखल्या, मग शिडीकडे पाहिलं.

"ह्ये सगळं हातानं? दोन तासांत?" ते म्हणाले. "मग ह्या एकाला बी नाव द्या की. काय नाव तुमचं?"

पीरमहंमदनं नाव सांगितलं आणि मग ब्रश घेऊन चारही खड्ड्यांखाली नावं लिहिली.

त्या दिवशी एकेका शाळेची रांग चंद्रापुढं आली आणि पोरांनी मोठ्यानं वाचलं, टायको, कोपर्निकस, केप्लर, पीरमहंमद. शेवटचा खोटा आहे, तो परीक्षेत लिहू नका, असं मॅडम दर वेळी बजावत होत्या. पीरमहंमदला दुकान उघडायला जायचं होतं, लाइटही आली होती, पण त्याचा पाय निघेना. तो दाराआड उभा राहून डोळे पुसत प्रत्येक रांग ऐकत राहिला. खोटा तर खोटा, पण केप्लरनंतर त्याचाच नंबर लागत होता.