सिद्धप्पा आणि यानातला म्हातारा मिस्त्री

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५. दूध उशिरा आलं. दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासला, ठीक आहे. चार वाजता सिद्धप्पा मालिका पाहायला आले. पाच वाजून दहा मिनिटांनी, चहा तसाच ठेवून, उठून गेले.

एवढं लिहून मी वही मिटली होती. पण प्रकरण तेवढ्यावर राहिलं नाही.

सिद्धप्पा आमच्या शेजारी राहतात. वय चौऱ्याहत्तर. गिरणी बंद पडेपर्यंत मागांवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. बायको चंद्रव्वा सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा संगमेश पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे पेपर न्यायला आले, तेव्हा टीव्हीवर अंतराळयानाची इंग्रजी मालिका चालू होती. ते खुर्चीच्या कडेला टेकले, ते भाग संपेपर्यंत हलले नाहीत. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. मी संवाद मराठीत सांगते, पण त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे. डोळे मिटून म्हणतात, "अक्का, ह्याचं बेअरिंग गेलंय बगा." आणि दोन भागांनंतर यान खरंच बंद पडतं.

त्यांचा सगळा जीव यानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीवर. त्या गुरुवारी तो मिस्त्री मेला. सहकाऱ्यांनी त्याला एका धातूच्या नळीत झोपवलं, दार उघडलं आणि नळी बाहेर ढकलली. ती गरगरत लहान होत गेली. कप्तान म्हणाला, ते मी सांगितलं, "तो आता घरी गेला."

सिद्धप्पा उभे राहिले होते.

"घरी? कुटलं घर? आनि आडवं घातलं की हो त्याला!"

"त्यांच्यात तशीच पद्धत असेल."

"असली कसली पद्धत? तितं टेकायला जागा तरी हाय का?"

सिद्धप्पांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात. तळहातावर इष्टलिंग ठेवतात, विभूती लावतात, आणि बसल्या स्थितीतच पुरतात. चंद्रव्वाला तसंच कुंभारी गावातल्या त्यांच्या रानात, पूर्वेच्या कोपऱ्यात बसवलं होतं. मी तेव्हा गेले होते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला कडी वाजली. सिद्धप्पाच. आत आले, बसले नाहीत.

"त्या म्हाताऱ्याचं फुडं काय हुतं, अक्का?"

"काही नाही. तो गेला."

"म्हंजे नुसता फिरतच ऱ्हानार?"

"हो. थांबवायला तिथे काही नसतं."

ते खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग एकदम म्हणाले, "सोमवारी रानाच्या कागदावर सही हाय. प्लॉट पाडनार हायेत. मीच संगमेशला म्हनालो, समदं दिऊन टाक, मेल्यावर मानसाला काय कळतंय. चंद्रव्वाशेजारची जागा माजी हुती. ती बी मीच दिली."

दिवसभर ते गल्लीत येरझारा घालत होते. माझंही वाचनात लक्ष लागेना.

शनिवारी संगमेश आला. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"काकू, तुम्ही अप्पांना काय दाखवलंत? फोनवर म्हणतात, मला फिरत ठेवू नको. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला."

त्याच्या मागोमाग सिद्धप्पा पोहोचलेच. "डोकं ठीक हाय माजं. तेवढा कोपरा सोड की."

"घेणाऱ्याला समाधी नकोय, अप्पा. समाधी दिसली तर प्लॉट कोण घेईल? आईला आपण समाजाच्या रुद्रभूमीत हलवू. स्वामींना बोलावून सगळं रीतसर करू."

"बसलेल्या बाईला उटवायचं व्हय रे?"

संगमेशने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं अशी दोघांचीही अपेक्षा असावी. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो म्हणत होता, "टीव्हीतल्या माणसासाठी ठरलेला व्यवहार मोडायचा? लोक हसतील मला."

"हसू दे. मी सही करनार न्हाय."

रविवारी संगमेशने फोन करून पाहिला. कोपरा वगळून घ्यायला समोरचा तयार झाला नाही. सोमवारचं रद्द झालं. घरात स्वयंपाक झाला होता, पण संगमेश न जेवता दुपारच्या गाडीने निघून गेला. सिद्धप्पा त्याच्या मागे रिक्षेपर्यंत गेले.

तासाभराने ते माझ्या दारात आले.

"अक्का, पहार हाय का तुमच्याकडं? कोपऱ्याला चार दगडं रोवतो. पोरगं आज गेलंय, उद्या दुसराच कागद घिऊन यील."

"ऊन केवढं आहे! उद्या जा."

"हाय का न्हाय तेवडं सांगा."

मी परसातून पहार आणून दिली. ती हातात तोलत ते पायरीवरच घुटमळले.

"पोरगं लई चिडलंय. यील का हो परत?"

मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. ते मान हलवून कुंभारीच्या रिक्षेकडे चालू लागले.

संध्याकाळी वही उघडली. रविवार, १६ फेब्रुवारी. पुढे लिहिलं: परसातली पहार सिद्धप्पांकडे आहे.