दीवमधलं गलाईचं दुकान

माझी लेक शिवांजली आणि जावई पृथ्वीराज पुण्यात असतात. आईला समुद्र दाखवला की आईचं सोनं झालं, असं लेकीला वाटतं. गेल्या हिवाळ्यात दोघांनी मला मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. मी सरळ नाही म्हणाले. अख्खी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना ओळीत बसवण्यात गेली, आता म्हातारपणी बोटीवर काय नाचायला येऊ? त्यावर लेक म्हणाली, "मम्मी, बोट एक दिवस दीवला थांबते." मी माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

दीवला माझा थोरला भाऊ होता, नानासो.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, माळावर. पूर्वी तिथं कुसळंसुद्धा नीट उगवायची नाहीत. म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवायचे, तेजाबात शिजवायचे आणि चोख सोनं वेगळं काढायचं. देशात कुठंही सराफांची पेठ असो, तिच्या मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा तरी भट्टीपुढं बसलेला सापडणारच. माझे वडील असेच कानपूरला होते. आई त्यांच्याबरोबर. दुकान बंद झालं की आई केर लोटायची आणि तो केर, भट्टीतली राख, सगळं घमेल्यात घेऊन पाण्यानं धुवायची. घमेलं गोल फिरवत वरची घाण सोडत राहिलं की तळाला सोन्याचे बारीक कण उरतात. त्या कणांवर आमचं दूधदुभतं चालायचं. वडील पुढं खोकून खोकून गेले. आई आम्हा दोघांना घेऊन गावी आली आणि मिसरूड फुटायच्या आत नानासो एका भावकीतल्या माणसाबरोबर गलाईलाच गेला. फिरत फिरत दीवला स्थिरावला. दुसरं करणार काय होता?

दरसाल चैत्रात सिद्धनाथाच्या यात्रेला मात्र तो यायचाच. पालखीला खांदा, अंगभर गुलाल आणि गावाला ऐकू जाईल असं हसणं. गेली काही वर्षं ते थांबलं. फोन यायचा, तोही दोन वाक्यांचा. "आये, बरी हायस का? पुढच्या यात्रंला येतो." आईचे डोळे गेलेत, पण कान शाबूत आहेत. यात्रेच्या दिवशी ती पहाटेपासून ओट्यावर बसायची आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवायची. मी विट्याहून गावी गेले की मला ते बघवत नसे. मला नानासोचा संताप यायचा. असला कसला धंदा, की आईसाठी दोन दिवस निघत नाहीत?

क्रूझवर जायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "शालू, त्येला हाताला धरून आण. मला आता लय दिस न्हाईत." मी म्हणाले, "आणते." म्हणजे बोट हे नुसतं निमित्त होतं. मी चालले होते भावाला आणायला.

बोटीचं काय सांगू? चार मजले खाणंपिणं आणि पाचव्या मजल्यावर ते जिरवायला व्यायामशाळा. खोलीत टॉवेलाचा हत्ती करून ठेवलेला. मी तो सोडून घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट दीवच्या बाहेर समुद्रातच उभी राहिली आणि छोट्या होड्यांतून आम्हाला धक्क्यावर सोडलं. चारपर्यंत परत यायचं, गळ्यातलं कार्ड हरवायचं नाही, असं तीनतीनदा बजावलं. लेक-जावई बाकीच्यांबरोबर किल्ला बघायला गेले. मी रिक्षा केली.

गाव छोटंसं. सुकत घातलेल्या मासळीचा वास, दारूची दुकानं, मधूनच एखादं पांढरं चर्च. सराफांच्या गल्लीमागच्या बोळात पाटी दिसली, 'श्री सिद्धनाथ गलाई'. शटर खाली ओढलेलं होतं आणि कुलूप गंजलं होतं. बाजूच्या जिन्यानं वर गेले. राहीवैनींनी दार उघडलं, मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

आत कॉटवर नानासो बसला होता. गुडघ्यांवर हात टेकून, पुढं वाकून. नाकात नळी, शेजारी घुरघुरणारं यंत्र. माझा भाऊ एवढासा झाला होता की मी आधी दुसऱ्याच कुणाला तरी बघतेय असं वाटलं.

"शाले," तो म्हणाला, "गळ्यात काय पाटी अडकवलीस? हरवशील म्हणून?"

आणि हसला. हसला तसा खोकला उठला. मी उभीच राहिले. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. लहानपणी कानपूरच्या खोलीत रात्ररात्र मी तोच ऐकला होता.

"वैनी, हे कवापासनं?"

"लय दिस झालं," वैनी म्हणाल्या. "धुरानं फुप्फुसं गेली म्हणत्यात. दुकान तवाच बंद केलं. रविराज म्हईन्याला पाठवतोय, त्यावर चाललंय." रविराज त्यांचा मुलगा. तो तिकडं सेलमला आहे, गलाईतच.

"आणि आमाला कळवायचं न्हाई?"

"आयेचं डोळं गेल्यात, कान न्हाई," नानासो म्हणाला. प्रत्येक दोन शब्दांमागं त्याला थांबावं लागत होतं. "ह्यो खोकला... तिनं बाच्या उशाला बसून ऐकलाय. एकदा ऐकला... की वळखंल."

म्हणून फोन दोन वाक्यांचा. आधी दम साठवायचा, बोलायचं आणि खोकल्याची उबळ यायच्या आत फोन वैनींच्या हातात द्यायचा. एवढी वर्षं मी ज्याच्यावर चिडत होते तो माणूस आईसमोर न खोकण्याची मेहनत करत होता.

मग मी तेच केलं जे मला येतं. ओरडले. मिरजेला एवढी हॉस्पिटलं आहेत, तिथं न्यायचं सोडून इथं कुजत का बसलास, आत्ता गाडी करते, उठ. वैनी हळूच म्हणाल्या, "डाक्टर म्हणलं, एवडा परवास सोसणार न्हाई. वाटंतच..." मी कॉटच्या कडेला बसले. आईला दिलेला शब्द तिथंच मेला.

नानासोनं गावची चौकशी केली. "कॅनॉलला पाणी येतंय म्हणं?"

"येतंय. टेंभूच्या योजनेचं. आपल्या माळावर ऊस हाय आता. खाली द्राक्षं."

"आपल्या माळावर?"

"व्हय."

त्यानं नाकातली नळी सरळ केली. "आदी यायला पायजे हुतं," एवढंच म्हणाला. पाणी की तो स्वतः, ते मी विचारलं नाही.

निघताना त्यानं माझा हात धरला. "आयेला सांग, पोट सुटलंय माझं." मग डोळे मिचकावले. "आन् हे बग, मला जाळल्यावर राख फेकू नगंसा. धुऊन बगा. एवडी वर्सं सोनं वढलंय नाकानं, गुंजभर तरी निघंल."

मी हसले. तो हसला नाही, खोकला नको म्हणून.

होडीतून बोटीकडं जाताना लेक किल्ल्याचे फोटो दाखवत होती. "मामा येतो म्हणाला का?" तिनं विचारलं. "येतो म्हणाला," मी म्हणाले. संध्याकाळी वरच्या मजल्यावर गाणी लागली, लोक नाचले. मी खोलीत दिवा न लावता बसून होते आणि मला दुसरं काही नको होतं, फक्त बोट मागं फिरायला हवी होती.

गावी आले तर आई ओट्यावरच. "न्हाई आला?"

"येतोय यात्रंला. पोट सुटलंय त्याचं, आये."

"आवाज कसा हाय?"

"चांगला हाय." तिचा चेहरा काही सैल होईना. म्हणून तिला हसवावं या बुद्धीनं मी नानासोची ती चेष्टा सांगितली, राख धुवायची.

आई हसली नाही. तिनं माझा हात सोडला. "तुजा बा बी शेवटाला ह्येच म्हणायचा," ती म्हणाली. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर बसणं बंद केलं.

शिमग्याच्या आधीच नानासो गेला. राहीवैनी तिकडंच राहिल्या, त्यांच्या अंगात प्रवासाइतका जोर नव्हता. रविराज राखेचं मडकं घेऊन आला. तोंडात घातलेला सोन्याचा मणी सावडतानाच काढून घेतला, असं त्यानं येताच सांगितलं. आम्ही येरळेवर गेलो. टेंभूचं पाणी सुटलं होतं, नदी चांगली वाहत होती. आई हट्टानं आली होती आणि येताना घरातून घमेलं घेऊन आली होती. मला वाटलं, पालथं घालून बसायला घेतलंय.

ती पाण्यात गुडघ्याएवढं उतरली, मडकं मागितलं आणि राख घमेल्यात ओतली. रविराज पुढं झाला, मी त्याला धरलं. आईनं पाणी घेतलं आणि घमेलं गोल फिरवायला लागली. वरचं पाणी सोडायचं, पुन्हा घ्यायचं. हात विसरले नव्हते. माझा भाऊ तिच्या हातातून थोडाथोडा नदीत चालला होता. शेवटी घमेलं रिकामं झालं. तिला दिसत नाही, म्हणून ती बोटांनी तळ चाचपत राहिली, कडेकडेनं, पुन्हा मध्ये.

"आये, काही न्हाई त्यात," मी म्हणाले. "चेष्टा हुती ती."

"तुज्या बाची धुतली न्हाई मी," आई म्हणाली. "चेष्टाच म्हणून सोडली." आणि घमेलं माझ्यापुढं धरलं. "तुला दिसतंय न्हवं? नीट बग."

मी वाकून नीट बघितलं.