नानांच्या मिशीतून सुटणारी हवा

तुमचे वडील धडधाकट जिवंत असताना, त्यांच्या नावाने रडायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही कधी चहा पाजला आहे का?

मी पाजला आहे. एकोणीस कप. त्यातले दोन बिनसाखरेचे.

आणि ते पाहुणे कुणी अफवाखोर शत्रूने पाठवले नव्हते. मी स्वतः लेखी बोलावले होते.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. माझे वडील, म्हणजे नाना, टेम्पो चालवतात. रावेरहून केळी भरायची आणि जळगाव, धुळ्याच्या बाजारात उतरवायची. परतताना कुठल्या तरी सभेत, कुठल्या तरी मोर्चात वाटलेली पत्रकं ते सीटखाली घालून आणायचे. घरात पुस्तकं नव्हती, म्हणून मी त्या पत्रकांवर वाचायला शिकलो. परिणाम असा की मला साधं वाक्य लिहिताच येत नाही. दुधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर’ अशी चिठ्ठी लिहायची तरी मी ‘जागे व्हा!’पासून सुरुवात करतो.

नाना घोरायचे. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कुणाचीच त्याला हरकत नव्हती. उलट टेम्पो दारात आहे की बाहेरगावी, हे लोकांना न बघता कळायचं. पण नाना घोरता घोरता मध्येच एकदम गप्प व्हायचे आणि मग बुडालेल्या माणसासारखा मोठा आचका देऊन पुन्हा सुरू व्हायचे. आम्हाला वाटायचं, माणूस कूस बदलतोय.

मग एके दुपारी एरंडोल रस्त्यावर नानांचा स्टिअरिंगवरच डोळा लागला आणि टेम्पो सावकाश एका रसवंतीत शिरला. नशिबाने रसवंतीवाला जेवायला गेला होता. माणसाला ओरखडा नाही. पण आईने नानांना थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नानांना एक रात्र वायरी लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, “झोपेत यांचा श्वास थांबतो. पुन्हा पुन्हा थांबतो. नाकाला मशीन लावून झोपायचं. मशीनची नीट सवय होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हे जिवाचं काम आहे.”

आईने त्याच दिवशी टेम्पोची किल्ली पदराला बांधली. “मशीन लावून झोपाल, तेव्हा किल्ली,” ती म्हणाली. तीस वर्षं चाकावर बसलेला माणूस आता ओट्यावर बसून दुसऱ्यांचे टेम्पो मोजू लागला.

मशीन नवं घ्यायला मी तत्त्वतः विरोध केला. (तत्त्व माझं होतं, परवडत नव्हतं ते सगळ्यांनाच.) धुळ्याला एका निवृत्त मास्तरांकडे एक चांगलं जुनं मशीन असल्याचं कळलं. नानांची बहीण, आमची अक्का, एरंडोलजवळच्या आमच्या गावाहून फोनवर कडाडली, “मेल्या माणसाचं नाकातलं घरात आणू नको रे!” मी तिला अंधश्रद्धेवर वीस मिनिटं ऐकवलं. तरी धुळ्याला गेल्यावर मास्तरांना आधी बाहेर बोलवायला लावलं. ते आले, हात जोडून म्हणाले, “मी आहे. वजन उतरलं, म्हणून डॉक्टरांनी मशीन बंद केलं. खात्री झाली?” मी मशीन उचललं, मास्क आणि नळी मात्र नवी घेतली.

डॉक्टरांनी बजावलं होतं की मशीन आधी त्यांच्याकडे आणायचं, हवेचा दाब नानांच्या मापाने बसवून घ्यायचा. पण ज्ञानावर मूठभर लोकांची मक्तेदारी मला लहानपणापासून मान्य नाही! मी घरीच बटण दाबलं. मास्तरांच्या जुन्या वजनाला साजेसा वारा नानांच्या नाकात घुसला. नानांचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, तोंडातून फर्रर्र करत हवा बाहेर आली आणि समोरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं.

“आरे, हाई मशीन शे का पिठानी गिरणी?” नाना ओरडले. एरवी ते आमच्याशी शहरातली मराठी बोलतात. रागावले की थेट गावाकडची अहिराणी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दाब बसवून दिला. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. ते मला जास्त लागलं.

आता वारा मंद झाला, पण नवीनच अडचण उभी राहिली. नानांची मिशी! नानांची मिशी म्हणजे दोन्ही गालांवर स्वतंत्र ठाण मांडून बसलेली वस्ती. मास्क बरोबर तिच्यावर टेकायचा आणि खालून हवा निसटायची. नाना झोपले की मिशी पिंपळाच्या पानासारखी थरथरायची, शिट्टी वाजायची, नाना जागे व्हायचे आणि मास्क भिरकावून द्यायचे. दोन प्रकारचे मास्क आणखी लावून पाहिले. मिशी जिंकली.

“मिशी काढली तर बसेल,” डॉक्टर म्हणाले.

घरी येताच नाना म्हणाले, “मना बाप जित्ता शे. बाप जित्ता असतांना मिशी कोन काढस?”

आमच्याकडे ही रीत पक्की आहे. मिशी उतरवायची ती वडील गेल्यावर. आणि नानांचे वडील, म्हणजे आमचे आबा, गावी अजून रोज शेतावर चक्कर मारतात.

मी उसळलो. “नाना, ही बुरसटलेली प्रथा आहे! केसांपेक्षा जीव मोठा! प्रत्येकाने मोडायला पाहिजे असली रूढी!”

“हो का?” नाना शांतपणे म्हणाले. “मंग तू काढ ना. तुना बी बाप जित्ता शे.”

आई जेवण वाढता वाढता थांबली. मी नकळत माझ्या मिशीला हात लावला. तीन वर्षं खपून वाढवली होती. आजवर हाती घेतलेल्या कामांपैकी तेवढं एकच तडीस गेलं होतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी ताटावरून उठलो तो थेट कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये.

“मिशी काढ,” मी गंभीरपणे म्हणालो. “वडिलांसाठी.”

न्हाव्याने आधी रेडिओ बंद केला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“डोकं पण करायचं ना, दादा?”

मे महिना होता. “सगळं काढ,” मी म्हणालो.

त्याने हळुवार हाताने सगळं काढलं. मागे बोटभर शेंडी ठेवली होती, ती मी विवेकवादी या नात्याने उडवायला लावली. पैसे द्यायला लागलो तर त्याने माझी मूठ मिटवली. “अशा वेळी घेत नाही, दादा.” मी त्याला कडकडून मिठी मारली. एक साधा कष्टकरी, पण चळवळ किती चटकन समजला!

त्या भरात मी सलूनच्या आरशासमोर मूठ उगारून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मजकुरासह टाकला. मजकूर जसाच्या तसा देतो, कारण पुढे तो मला बराच ऐकवला गेला:

‘बंधू आणि भगिनींनो! नानांचा श्वास थांबला, तेव्हा आपण सारे कुठे होतो? आज मी मिशी उतरवली आहे. ही वेळ रडत बसण्याची नाही, एकत्र येण्याची आहे. या! सर्वांनी या! — नानांचा मुलगा.’

घरी शिरलो तर आईच्या हातातलं उलथनं माझ्या दिशेने आलं. “अभद्र! बाप समोर बसलाय आणि हा भादरून आलाय!”

नाना मात्र माझ्याकडे बघतच राहिले. मग पुढच्या खोलीतल्या खाटेवर आडवे झाले. “लाव ते,” म्हणाले. “बघू.”

मी मास्क लावला. मिशीतून शिट्टी सुरू झाली. मग मी उशाशी बसलो आणि दोन्ही हातांनी मास्क नानांच्या तोंडावर दाबून धरला. शिट्टी थांबली. पाच मिनिटांत नाना झोपले. आणि काय झोपले! घोरणं नाही, आचका नाही, हालचाल नाही. छाती सावकाश वरखाली होत होती, तीही अगदी जवळून बघितली तरच दिसेल इतकी. इतकी शांतता आमच्या घरात मी जन्मल्यापासून नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (घाम पण होता. हात अडकलेले, पुसणार कशाने?)

खिशात फोन एकसारखा थरथरत होता. मला वाटलं, जनता पेटली.

तासाभराने गल्लीच्या तोंडाशी जीप थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अक्काचा टाहो. आमच्याकडच्या बायका मयताला आल्या की गल्लीच्या कोपऱ्यापासूनच रडायला सुरुवात करतात.

“मना भाऊ रे! आम्हले सोडीसन कसा गया रे!”

स्वयंपाकघरातून आई धावत बाहेर आली. शब्द तिला नीट ऐकू आले नव्हते. अक्का रडत येतेय, जीप गावची आहे, याचा तिने एकच अर्थ काढला. “अगं बाई, आबा गेले वाटतं!” असं म्हणून तिनेही अक्काच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. दोघी दारातच दोन वेगवेगळ्या माणसांसाठी एकमेकींना घट्ट धरून रडू लागल्या. मागून टोप्या, उपरणी, नारळ, काका, मावशा. सगळे आत आले आणि त्यांना काय दिसलं? नाना खाटेवर निश्चल. उशाशी मुंडण केलेला मुलगा, गालांवरून पाणी ओघळतंय, दोन्ही हात बापाच्या तोंडावर.

“ते नाकवरनं काढा रे आते,” एक काका हुंदका देत म्हणाले. “कसाले ठेवं?”

मी बोलायला तोंड उघडलं, पण आजवर मी बोलायला लागलो की सगळे जे करतात तेच त्यांनी केलं. कुणी ऐकलं नाही. अक्का खाटेवर कोसळली, माझे हात सुटले, मास्क सरकला आणि मिशीतून अशी काही शिट्टी निघाली की तिने मागच्या मागे उडी मारली.

नाना उठून बसले.

दोन मावशा दाराबाहेर गेल्या. एक नारळ घरंगळत खाटेखाली गेला. नानांनी डोळे चोळले. समोर बहीण रडतेय, बायको रडतेय, मुलाचं मुंडण झालंय. त्यांचा चेहरा क्षणात उतरला.

“आबा गया?” असं म्हणून नानांनीही रडायला सुरुवात केली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. जीपमधून उतरायला आबांना वेळ लागला होता. गर्दी बाजूला झाली. “कोठे शे मना पोऱ्या?” असं म्हणत ते आत आले आणि उभे राहिले. बापलेक एकमेकांकडे बघत होते.

“आबा, तुम्ही जित्ता शेतस?” नाना म्हणाले.

“मी शे. तू?”

“मी बी शे.”

आबा खाटेवर बसले. नानांच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. श्वास मोजत राहिले. गल्लीतला सगळा रडण्याचा कार्यक्रम मला विनोदी वाटला होता, पण तो हात पाहिला आणि माझी मान खाली गेली.

मग ती सगळ्यांनी मिळून आणखी खाली घातली. मी खुलासा करायला मूठ उगारली, तेव्हा काकांनी ती धरून खाली घेतली. अखेर आईनेच आबांना सांगितलं, “झोपेत यांचा श्वास थांबतो. हे मशीन नाही लावलं तर जिवाला धोका. मिशीमुळे मशीन बसत नाही. आणि तुम्ही आहात म्हणून हे मिशी काढत नाहीत.” (मला हेच सांगायला तीन आठवडे आणि एक पत्रक लागलं होतं.)

आबांनी नानांकडे पाहिलं. “मी जित्ता शे म्हनीसन तू मरशी का रे?”

नानांनी मिशीवर हात ठेवला.

“बाप मी शे ना? मंग मी सांगस तुले. काढी टाक.”

न्हाव्याला बोलावणं गेलं. तो चेहरा पाडून आला आणि खाटेवर चहा पीत बसलेल्या नानांना पाहून दारातच थबकला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“दादा,” तो म्हणाला, “मग दुपारचे पैसे?”

आबांच्या समोर, आबांच्या हुकमाने नानांची मिशी उतरली. अक्काने तोंड फिरवलं आणि बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं. मिशीखालचा ओठ मी जन्मात पाहिलेला नव्हता. पातळ, लाजरा होता. मास्क त्यावर असा बसला की सुईएवढी हवा सुटली नाही. त्या रात्री नाना आचका न देता झोपले. दुसऱ्या रात्रीही. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी मशीनमधली नोंद बघितली, नानांना दोन-चार प्रश्न विचारले आणि आईला म्हणाले, “द्या आता.” आईने तिथेच पदराची गाठ सोडली.

पहाटे टेम्पो रावेरच्या दिशेने गेला. नानांची मान ताठ, डोळे टक्क उघडे, ओठ गुळगुळीत. माझी मिशी अजून आलेली नाही. ग्रुपमधून मला काढून टाकलंय, तिथेही परत घेतलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, एक मागणी आहे. तुमच्या घरात कुणी घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल आणि मग आचका देऊन सुरू होत असेल, तर हसून कूस बदलू नका. याच आठवड्यात त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. जुनं मशीन मिळालं तर जरूर घ्या, पण दाब डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. आणि ही बातमी नातेवाइकांना कळवायची असेल, तर घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला लिहायला सांगा. माझ्यासारखा कुणी घरात असेल, तर तेवढा वेळ त्याला चहा करायला बसवा. चहा मला आता उत्तम जमतो.