घाण्यावरून उठलेला माणूस

इंझोरीत उकंडराव तेल्याचा घाणा कुरकुरला की बाया म्हणायच्या, "उठा वं माय, दिस निंगाला." बैलामागं फिरताना उकंडरावही त्या कुरकुरीच्याच चालीत बोलायचा, "चाऽल राजा, चाऽल." घाण्यात जवस कोरडा घासतो की नीट चिरडला जातो, हे तो न बघता ओळखायचा. कान द्यायचा आणि बायकोला म्हणायचा, "पाणी मार." कस्तुराबाई ओंजळभर पाणी शिंपडायची. चाळीस वर्षांचा संसार एवढ्याच बोलण्यावर झाला.

सन अडतीसच्या पोळ्यानंतर त्याचा उजवा पाय ओढू लागला. घाण्याभोवतीच्या धुळीत रोज एक रेघ उमटायची. सकाळी डोकं धरून बसायचा. 'पाणी मार'चं 'पाई माय' झालं. एक दिवस बरा, तर दुसऱ्या दिवशी थोरल्या पोराला, जगदेवला, बैल समजून हाकायचा.

पारावर हसू झालं. "चाळीस साल घाण्याभवती फिरला बुढा," रामराव पाटील म्हणाले, "आता घाणा थांबते, पर डोक्सं थांबत नाई." कुणी तस्साच पाय ओढत, तस्साच 'पाई माय' करत पाराला चक्कर मारून दाखवायचा. कस्तुराबाई विहिरीवरून येताना ते बघायची आणि पदर पुढं ओढायची.

तिला एक गोष्ट ठाऊक होती. पोळ्याच्या आठ दिवस आधी दोरी तुटून घाण्याचं लाकूड उकंडरावाच्या कानशिलावर आदळलं होतं. खाली बसला, उठला, म्हणाला, "जगदेवले सांगू नोको. त्यो मले घाण्यावरून उठवीन. घाण्यावरून उठलो त मेलोच समज." बैलाच्या पाठीवर हात ठेवून तिनं शब्द दिला. तिलाही वाटलं, रक्त नाही, खोक नाही, मग लागलं कुठं?

दिवाळीत तो उठेचना. नुसता घोरत पडला. जगदेवनं गाडी जुंपली. कारंज्यापर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे, मग अकोल्याचा दवाखाना.

डॉक्टर पुण्याकडचे. "गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का? अगदी किरकोळसुद्धा?"

"नाई जी," जगदेव म्हणाला. "घाण्यावर फिरू फिरू चक्कर भरली डोक्स्यात."

डॉक्टरांनी पापण्या उचलून पाहिल्या, तळपायावर किल्ली ओढली. "मग हा लकवा. त्याला माझ्याकडे इलाज नाही. मार असता तर गोष्ट वेगळी होती. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं, ते काढता येतं."

ते हात धुवायला वळले. दाराशी उभ्या कस्तुराबाईला कुणी विचारलंच नव्हतं.

"लागला व्हता," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

"मले काहून नाई सांगतलं वं माय?" जगदेवनं विचारलं.

"त्याईनं नोको म्हनलं."

"कुठे लागला, दाखवा," डॉक्टर म्हणाले. तिनं आपल्याच डाव्या कानशिलावर हात ठेवला.

केस भादरले. सुताराच्या गिरमिटासारख्या हत्यारानं कवटीला दोन भोकं पाडली. नंतर डॉक्टरांनी वाटी बाहेर आणून दाखवली. आत काळपट, पातळ काहीतरी होतं, घाण्याच्या तळाशी उरतं तसं. "हे मेंदूवर बसलं होतं."

कस्तुराबाईचा जन्म तेल बघण्यात गेलेला. तिनं वाटीवरची नजर काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी उकंडरावानं डोळे उघडले. डोक्याची पट्टी चाचपली, मग बायकोकडं पाहिलं. जीभ स्वच्छ वळली.

"सांगतलंस."

"सांगतलं."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

पाय सुटला, हात थोडा अडखळत राहिला. डोक्याला पुन्हा मार लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून घाण्यावर जगदेव उभा राहिला आणि बापाची खाट ओसरीवर गेली. उकंडराव आणखी तीन वर्षं जगला. पोराशी बोलायचा, रामरावांशी बोलायचा. कस्तुराबाईनं ठेवलेली भाकर मुकाट खायचा.

एकदा जवस कोरडा घासू लागला. जगदेवला ते कळेना. ओसरीवर उकंडरावानं मान उचलली, ओठ हलले. कस्तुराबाई ओंजळीत पाणी घेऊन घाण्यापाशी थांबली, तो म्हणेल म्हणून.

तो म्हणाला नाही. बोटांच्या फटींतून पाणी गळून संपलं. घाणा कोरडाच फिरत राहिला.